मांजराला आंघोळ घालण्याआधी

आपल्या घरांतल्या बहुतेक मांजरांना आंघोळीची गरज नसते. ज्या थोड्यांना असते, त्यांना ती आज जशी घातली जाते तशी घालू नये. डोंबिवलीत पशुवैद्य म्हणून काम करताना हे मी जवळजवळ रोज कुणाला तरी सांगते. आता वर्तमानपत्रातून सांगावंसं वाटलं, कारण मांजरं पाळणारी घरं झपाट्याने वाढताहेत आणि त्याबरोबर एक तक्रारही वाढते आहे : ‘डॉक्टर, आमचं मांजर ऐकतच नाही.’

ही तक्रार बहुधा रविवारी दुपारी येते. सगळे घरी असतात, गिझर चालू असतो, ऑनलाइन मागवलेला शॅम्पू उघडलेला असतो आणि मांजर वॉशिंग मशीनच्या मागे जाऊन बसलेलं असतं. कुणाच्या तरी हातावर कोपरापर्यंत ओरखडे असतात. फोनवर विचारलं जातं, ‘त्याला हलता येणार नाही असं कसं धरायचं?’ मी उलट विचारते, ‘आंघोळ कशासाठी घालताय?’ उत्तरं ठरलेली असतात. वास येतो. केस फार गळतात. दिवाळीला पाहुणे येणार आहेत. घरात बाळ रांगतंय. पिल्लू विकणाऱ्याने महिन्यातून एकदा घालायला सांगितलंय. यातलं एकेक कारण नीट पाहायला हवं, कारण त्यातली बरीचशी आंघोळीपाशी पोचतच नाहीत.

मांजर स्वतःला कसं साफ करतं, इथपासून सुरुवात करू. त्याच्या जिभेवर घशाकडे वळलेले बारीक, टणक काटे असतात. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या संस्थेतल्या ॲलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू यांनी त्यांचा अभ्यास करून 2018 मध्ये तो प्रसिद्ध केला. या काट्यांची टोकं पन्हळीसारखी पोकळ असतात. त्या पोकळीत लाळ ओढली जाते आणि चाटताना थेट केसांच्या मुळापर्यंत पोचते. तिथे मळ सुटतो, गळालेले केस निघतात, त्वचेचं तेल केसभर पसरतं आणि लाळ वाळताना अंगही गार होतं. मुंबई-ठाण्याच्या मे महिन्यात हे गार होणं साधी गोष्ट नाही. जागेपणीचा मोठा वेळ मांजर याच कामात घालवतं. आखूड केसांच्या निरोगी मांजराच्या बाबतीत आपली बादली या व्यवस्थेत काहीच भर घालत नाही. त्वचेवरचं तेल मात्र धुऊन नेते आणि मांजराचा स्वतःचा वास पुसून टाकते. मग पुढचे दोन तास ते पुन्हा अंग चाटत बसतं.

माझं लहानपण गुहागरजवळच्या एका गावात गेलं. आमच्याकडे कायम दोन-तीन मांजरं असत. भाताच्या कणग्यांभोवती उंदीर असत, म्हणून मांजरं असत. त्यांना कुणी कधी आंघोळ घातल्याचं मला आठवत नाही. दुपारी चुलीच्या उबेला, संध्याकाळी पडवीच्या कठड्यावर ती अंग चाटत बसत आणि त्यांच्या पांढऱ्या पोटाला डाग दिसत नसे. त्या काळाचे गोडवे मला गायचे नाहीत. त्या मांजरांना लस मिळत नसे, भाटी वर्षातून दोनदा विऊन खंगत आणि निम्मी पिल्लं पावसाळ्यात जात. आजच्या मांजरांचं आयुष्य त्या मानाने कितीतरी सुरक्षित आहे. पण स्वच्छतेचं काम ती तेव्हाही स्वतःच करत होती आणि आजही करू शकतात, हे विसरायला नको.

आता वासाचं पाहू. निरोगी मांजराच्या अंगाला दुर्गंधी नसते. ती येत असेल तर कुठून येते हे शोधलं पाहिजे. तोंडातून येत असेल तर हिरड्या सुजलेल्या असतील किंवा दात खराब झाला असेल. कानातून येत असेल तर आत संसर्ग असेल. बोक्यांच्या भांडणात दात लागून कातडीखाली गळू झालेलं असेल, तर ते फुटेपर्यंत केसांखाली सहज लक्षात येत नाही, फुटलं की वास येतो. शेपटीखाली घाण चिकटत असेल तर पोट बिघडलेलं असेल किंवा वजन इतकं वाढलेलं असेल की त्याची जीभ तिथवर पोचत नाही. म्हातारी मांजरं अंग चाटणं सोडतात, पाठीवर केसांचे पुंजके बसतात, आणि घरचे म्हणतात, ‘वय झालं, आळशी झालंय.’ बारा वर्षांपुढच्या मांजरांचे एक्स-रे काढले तर बहुतेकांच्या सांध्यांची झीज दिसते. मान मागे वळवली की दुखतं, म्हणून ते चाटत नाही. अशा मांजराला शॅम्पू लावला की दुखऱ्या अंगाला आणखी मुरड बसते, आणि ज्या खुणेवरून दुखणं कळलं असतं तीच धुऊन जाते.

मध्यंतरी एका आजींनी त्यांचा बोका आणला होता. घरातल्यांनी त्याला पुन्हा पुन्हा आंघोळ घातली होती, तरी वास जाईना. आजींचं एकच म्हणणं होतं, ‘तो पूर्वी असा नव्हता हो, स्वतःचं स्वतः बघायचा.’ तोंड उघडून पाहिलं तर मागची दाढ मुळापर्यंत सडलेली होती. ती काढल्यावर तो खायला लागला आणि अंगही चाटू लागला. घरातल्या सगळ्यांत आजींचं निरीक्षण अचूक होतं, कारण त्यांनी त्याच्या सवयीतला बदल पाहिला होता.

केस गळण्यावर उपाय फणीचा आहे. आखूड केसांच्या मांजराला आठवड्यातून दोनदा, लांब केसांच्या मांजराला रोज. इथे पर्शियन मांजरांबद्दल बोलायलाच हवं, कारण माझ्याकडे आंघोळीवरून येणाऱ्या भांडणांतली बहुतेक त्यांच्याच घरची असतात. चपट्या नाकाचं, लांब दाट केसांचं हे मांजर माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून घडवलं आहे. त्या केसांची निगा एकट्या जिभेने राखणं त्याला जमत नाही. काखेत, मांडीच्या आत, कानामागे गुंता होतो आणि त्याच्या जटा बनतात. जट कातडी ओढून धरते, प्रत्येक पावलाला ताण बसतो, खाली ओल साचून त्वचा लाल होते. जट न सोडवता वरून पाणी घातलं की ती आणखी घट्ट आवळते. मग कुणीतरी कात्री घेतं. मांजराची कातडी पातळ आणि सैल असते. जट वर ओढली की कातडीही तिच्याबरोबर वर येते आणि कात्री नेमकी तिच्यावर चालते. अशा जखमा मी शिवलेल्या आहेत. जट कापायची असेल तर ती दवाखान्यात यंत्राने काढावी. आणि पर्शियन पिल्लू घरी आणण्याआधी स्वतःला विचारावं : पुढची बारा-पंधरा वर्षं रोज दहा मिनिटं फणी फिरवायला घरात नेमकं कोण बसणार आहे? त्या माणसाचं नाव सांगता येत नसेल तर आखूड केसांचं आपलं देशी मांजर आणावं. रस्त्यावर आणि निवाऱ्यांत अशी पिल्लं घराची वाट पाहताहेत.

बाळाला ॲलर्जी किंवा दमा होईल, या काळजीला मात्र मी हलकं मानत नाही. मांजराच्या ॲलर्जीला कारणीभूत असणारं मुख्य प्रथिन त्याच्या लाळेत आणि त्वचेच्या तेलात असतं. आंघोळीने ते कमी होतं हे खरं, पण आठवड्याभरात प्रमाण पुन्हा पहिल्यासारखं होतं. म्हणजे बाळासाठी मांजराला दर आठवड्याला भिजवत राहावं लागेल. त्यापेक्षा मांजराला बाळाच्या खोलीबाहेर ठेवणं, गाद्या-पडदे वारंवार धुणं, ओल्या फडक्याने फरशी पुसणं आणि बाळाच्या डॉक्टरांचा सल्ला घेणं हे जास्त उपयोगी आणि टिकणारं आहे.

आता त्या ‘न ऐकण्या’कडे येऊ. सगळ्याच मार्जारकुळाला पाण्याचा तिटकारा आहे असं नाही. पश्चिम बंगालचा राज्यप्राणी असलेली मासेमार वाघाटी पाण्यात शिरून मासे धरते, उत्तम पोहते. घरातल्या मांजराची गोष्ट वेगळी आहे. त्याची दाट लोकर पाणी पिऊन जड होते, लवकर वाळत नाही आणि अंगातली ऊब काढून घेते. त्याहून मोठा प्रश्न न्हाणीघराचा आहे. गुळगुळीत फरशीवर पंज्याची पकड बसत नाही. बंद जागेत आवाज घुमतो. मांजराला 85 किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, आपल्याला जेमतेम 20 पर्यंतचे. शॉवरची आणि हेअर ड्रायरची घरघर त्याच्या कानांवर कशी आदळत असेल याचा अंदाज आपल्याला करता येणार नाही. वर चार हात त्याला दाबून धरतात आणि दार बंद असतं. मांजर शिकारी आहे तसं मोठ्या प्राण्यांचं भक्ष्यही आहे. पकडीत सापडून सुटायची वाट नसणं म्हणजे त्याच्या दृष्टीने जिवावरचा प्रसंग. तिथे नख्या निघतात त्या भीतीने. घरचे ज्याला हट्टीपणा म्हणतात, तो मी तपासते तेव्हा मला विस्फारलेली बुबुळं, धडधडणारं हृदय आणि घामेजलेले तळपंजे दिसतात.

ही भीती आंघोळ संपली की संपत नाही. ताणामुळे कित्येक मांजरांच्या मूत्राशयाला सूज येते. बोक्यांत त्यातून लघवीची वाट बंद होऊ शकते, आणि लघवी अडलेला बोका उपचारांविना दोन-तीन दिवसांत दगावू शकतो. घरात दोन मांजरं असतील तर आंघोळ झालेल्या मांजराला शॅम्पूचा वास येतो, दुसरं त्याला ओळखत नाही, फिस्कारतं, अंगावर जातं. एरवी एका कुशीत झोपणाऱ्या बहिणी अशा एका दुपारनंतर कित्येक दिवस वेगळ्या खोल्यांत ठेवाव्या लागल्याची उदाहरणं माझ्या माहितीत आहेत. आणि हाताळणीवरचा विश्वास एकदा गेला की पुढे गोळी देणं, नखं कापणं, पिंजऱ्यात घालून दवाखान्यात आणणं सगळंच कठीण होतं. नको असलेल्या आंघोळीची किंमत गरजेच्या उपचाराच्या वेळी मोजावी लागते, यामुळेच मला या विषयाची इतकी कळकळ आहे.

‘मानगुटीला धरा, गप्प होतं,’ हा सल्ला सर्रास दिला जातो. आई पिल्लाला मानेला धरून नेते, हे त्याचं समर्थन. पण आई असं पहिल्या काही आठवड्यांत, पिल्लाची जागा बदलण्यापुरतं करते. चार-पाच किलोच्या मोठ्या मांजराला मानगुटीने उचललं की सगळा भार त्या कातडीवर येतो. ते गप्प होतं ते भीतीने थिजल्यामुळे. मांजरांच्या आरोग्यासाठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आणि अमेरिकी पशुवैद्यक संघटनांनी 2022 मध्ये हाताळणीची संयुक्त मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. त्यांनी मानगूट धरू नये असं स्पष्ट सांगितलं आहे. कमीत कमी पकड, मांजराला लपायला जागा आणि त्याने नको म्हटलं की थांबणं, असा त्यांचा रोख आहे. माझ्या दवाखान्यात मी हेच पाळते आणि तपासणी लवकर उरकते, हा माझा अनुभव आहे.

आणखी एका गोष्टीबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मांजराला धरायला कोण उभं राहतं? पुष्कळ घरांत घरकामाला येणाऱ्या ताईंना हाक मारली जाते. ‘जरा धरा हो, दोन मिनिटं.’ मांजर चावतं ते त्यांना. ओरखडा त्यांच्या हातावर उठतो. मांजराचे दात सुईसारखे खोल जातात, वरून छिद्र बारीक दिसतं आणि आत जंतू राहतात, म्हणून मांजराचा चावा वरचेवर चिघळतो. त्यात रेबीजचा धोका असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात रक्त न आलेला ओरखडाही दुसऱ्या श्रेणीत येतो आणि त्याला लस लागते. कातडी भेदून रक्त आलं असेल तर ती तिसरी श्रेणी, तिथे लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं. सरकारी रुग्णालयात त्वचेत दिल्या जाणाऱ्या लसीसाठी पहिल्या दिवसानंतर 3, 7 आणि 28व्या दिवशी पुन्हा जावं लागतं. पाच घरची कामं करणाऱ्या बाईला प्रत्येक फेरीला रांगेत उभं राहण्यात सकाळ घालवावी लागते, कामं बुडतात, पैसे कापले जातात. मांजर आपलं, हौस आपली, आणि जखम मात्र जिला नाही म्हणता येत नाही तिची, हे मला अजिबात मान्य नाही. मांजर धरण्याचं काम मालकाने स्वतः करावं. कुणालाही ओरखडा उठला तर जखम लगेच साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावी, हळद-चुना काही भरू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं, आणि खर्च मालकाने करावा. घरातच राहणाऱ्या मांजरालाही तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची लस द्यावी आणि पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे ती चालू ठेवावी.

पाण्यात काय मिसळलं जातं, हा मुद्दा तर जिवाशी खेळणारा आहे. जखमेवर लावायचं, पाण्यात टाकलं की दुधाळ होणारं जंतुनाशक आंघोळीच्या बादलीत टाकायची आपल्याकडे सवय आहे. तशा द्रव्यांतली फिनॉलच्या जातीची रसायनं मांजराला विषारी आहेत. माणसाचं आणि कुत्र्याचं यकृत ज्या मार्गाने अशा रसायनांचा निचरा करतं, तो मार्ग मांजरात फार अशक्त असतो. त्यात ते अंग चाटतं, म्हणजे अंगावर लावलेलं सगळं पोटात जातं. फिनेलने पुसलेल्या ओल्या फरशीवरून चालून पंजे चाटणंही त्याच कारणाने वाईट. टी ट्री तेल नको. कुत्र्यांसाठीची, परमेथ्रिन असलेली पिसवा-गोचिडांची औषधं तर मुळीच नकोत. मानेवर टाकलेल्या काही थेंबांनी मांजराला झटके येऊन ते मरू शकतं. औषधाच्या दुकानात ‘कुत्र्याचं आहे, थोडं कमी टाका’ असं कुणी सांगितलं तर ते घेऊ नका. कणकण वाटते म्हणून पॅरासिटामॉलची गोळी देणंही प्राणघातक आहे. माणसाचा शॅम्पू आपल्या त्वचेच्या आम्लतेला जुळवून बनवलेला असतो, मांजराची त्वचा त्याहून कमी आम्ल असते. लहान मुलांचा ‘सौम्य’ शॅम्पूही म्हणूनच तिच्यासाठी नाही.

तरीही कधीकधी आंघोळ घालावीच लागते. पार्किंगमधल्या गाडीच्या बॉनेटखाली झोपलेलं मांजर इंजिन ऑइलने माखून येतं. पिल्लू उंदरांच्या चिकट पुठ्ठ्यात अडकतं. होळीला कुणी रंग टाकलेला असतो. गजकर्ण झालं की औषधी शॅम्पू ठरावीक वेळ अंगावर ठेवावा लागतो आणि ते टाळता येत नाही, कारण गजकर्ण मांजरापासून घरातल्या माणसांना होतं. केस नसलेल्या स्फिंक्स जातीला तर ठरावीक दिवसांनी आंघोळ लागतेच, कारण त्वचेचं तेल शोषायला तिच्या अंगावर केस नसतात. अशा वेळी आधी डॉक्टरांना फोन करा. चिकट किंवा तेलकट पदार्थ असेल तर मांजर ते चाटणार नाही एवढी काळजी तोवर घ्या.

मग तयारी. आदल्या दिवशी नखांची टोकं कापा आणि फणीने गुंता काढा. न्हाणीघरात सगळं सामान आधी मांडून ठेवा, खिडकी बंद करा, बादल्या मांजर आत येण्याआधीच भरा म्हणजे नळाचा आवाज होणार नाही. पसरट टब घ्या आणि त्याच्या तळाशी जुना टॉवेल अंथरा. पायांखाली पकड मिळाली की निम्मी भीती जाते. पाणी मनगटाला उबदार लागेल इतपत, आणि पोटाला जेमतेम लागेल इतकंच. शॉवर नको. हाताच्या ओंजळीने किंवा लहान भांड्याने मानेपासून मागे पाणी घाला. चेहऱ्यावर आणि कानांत पाणी जाऊ देऊ नका, तिथे ओलं फडकं पुरतं. दोनच माणसं, हळू आवाज. जेवढा भाग मळला असेल तेवढाच धुवा. शेपटीखालचा भाग घाण झाला म्हणून सगळं अंग भिजवायची गरज नसते. शॅम्पूचा अंशही राहू देऊ नका. नंतर टॉवेल गुंडाळा, घासू नका, दाबून पाणी टिपा. ड्रायर नको, उबदार खोली द्या. आणि लगेच आवडीचं काहीतरी खायला द्या, बिनमिठाचा उकडलेला बांगडा किंवा कोंबडीचा तुकडा.

कान मागे चपटे होणं, शेपटीचे फटकारे, बुबुळं मोठी होणं, उघड्या तोंडाने धापा टाकणं या खुणा दिसल्या की थांबा. उरलेलं काम ओल्या फडक्याने, उद्या, थोडंथोडं करा. फारच घाबरणाऱ्या मांजरासाठी घरून निघण्याआधी द्यायचं शांत करणारं औषध पशुवैद्य लिहून देतात, गरज पडली तर दवाखान्यात भूल देऊन ते काम करतात. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. ओढाताणीपेक्षा ते सगळ्यांनाच सुरक्षित आहे.

मांजराला शिकवताच येत नाही, हा समजही काढून टाकायला हवा. पिल्लांच्या आयुष्यातला दुसऱ्यापासून सातव्या आठवड्यापर्यंतचा काळ माणसाच्या हाताची सवय होण्याचा असतो. त्या काळात प्रेमाने हाताळलेलं पिल्लू पुढे सोपं जातं. मोठं मांजरही शिकतं, फक्त त्याच्या गतीने. रोज एका पंज्याला हात लावायचा, खाऊ द्यायचा, सोडून द्यायचं. काही दिवसांनी पंजा दाबून नखी बाहेर काढायची, खाऊ, सोडून द्यायचं. मग एक नख कापायचं. फणीचंही तसंच. प्रवासाची पेटी माळ्यावर ठेवू नका. ती बाहेरच्या खोलीत, दार उघडं ठेवून, आत जुनी सुती साडी घालून कायम असू द्या. जिच्यात मांजर रोज दुपारी झोपतं, तिच्यात बसून ते दवाखान्यातही येतं.

घराबाहेर बदलायच्या गोष्टीही आहेत. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा 1960 पासून आपल्याकडे आहे. कुत्र्यांच्या पैदाशीसाठी 2017 मध्ये आणि प्राणी विकणाऱ्या दुकानांसाठी 2018 मध्ये त्याखाली नियम झाले. पैदाशीचे ते नियम कुत्र्यांपुरते आहेत. तसे नियम मांजरांच्या पैदाशीसाठीही व्हायला हवेत, म्हणजे पर्शियन पिल्लू विकणाऱ्याला रोजच्या निगेची लेखी माहिती देणं बंधनकारक करता येईल. पाळीव प्राण्यांची सलून आता प्रत्येक उपनगरात आहेत. तिथे मांजराला कुत्र्यांच्या भुंकण्यात ताटकळत ठेवू नये, पेटीत कोंडून गरम हवा सोडू नये, मालकाला सगळं काम पाहता यावं आणि हाताळणारा माणूस प्रशिक्षित असावा, एवढ्या चार अटी महापालिका परवाना देताना घालू शकतात. पुणे महापालिकेने 2022 मध्ये कुत्र्यांबरोबर मांजरांच्या नोंदणीचंही पाऊल उचललं. अशा नोंदणीच्या वेळी लसीचा दाखला पाहिला जातो, त्याच वेळी हाताळणीच्या माहितीचं एक पान मराठीत हातात देता येईल. त्याला फारसा खर्च नाही.

आणि नियम होईपर्यंत थांबायचं कारण नाही. बादली भरण्याआधी तीन प्रश्न विचारा. अंगाला खरोखर काही लागलंय का? ते फणीने किंवा ओल्या फडक्याने निघेल का? आणि मांजराने स्वतः अंग चाटणं सोडलं असेल, तर ते का सोडलं? पहिल्याचं उत्तर ‘नाही’ असेल किंवा दुसऱ्याचं ‘हो’ असेल, तर आंघोळ रद्द करा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर माहीत नसेल तर मांजराला पशुवैद्याकडे घेऊन जा. मांजर आपल्याला शब्दांत काही सांगू शकत नाही, म्हणून त्याचा विरोध हीच आपल्याला मिळणारी सगळ्यात स्पष्ट माहिती असते. ती दाबून न टाकता वाचायला शिकलो, तर कित्येक दुखणी वेळेत कळतील, आणि मांजराच्या घरात राहणाऱ्या, राबणाऱ्या माणसांचे हातही शाबूत राहतील.